पोच किती वेळा द्यावी? संगणक जालातील पोच-वारंवारतेच्या प्रश्नाचे विवेचन

सारांश

संगणक जालात माहिती पाठविणाऱ्या यंत्राला ती पोहोचल्याचे प्राप्तकर्ता यंत्र वेळोवेळी कळविते. या कळविण्यास 'पोच' असे म्हणतात. दर दोन पॅकेटांमागे निदान एक पोच द्यावी, हा संकेत १९८९ मध्ये लेखी स्वरूपात आला आणि तो आजही मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. प्रस्तुत लेखात या संकेतामागील कारणे, त्याचे लाभ, अरुंद परतमार्ग व सामायिक वाय-फाय यांवर पडणारा त्याचा भार आणि अलीकडील पर्याय यांचे विवेचन केले आहे. पोचेचे प्रमाण पॅकेटांच्या संख्येवर न ठरविता प्रामुख्याने फेरीकालावर ठरवावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पोच, विलंबित पोच, फेरीकाल, टीसीपी, क्विक, विषम मार्ग, वाय-फाय

१. प्रस्तावना

पोच ही कल्पना मराठी वाचकास नवी नाही. न्यायालयाची नोटीस असो वा नोकरीचा अर्ज, 'रजिस्टर्ड ए.डी.' ने पाठविलेल्या टपालाची सही केलेली पोच-पावती परत हाती येईपर्यंत पाठविणाऱ्याचे समाधान होत नसे. २०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याने रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, तरी पोचेची गरज संपलेली नाही. परंतु एखाद्याने एकाच पत्त्यावर एका दिवसात हजार पत्रे पाठविली आणि प्रत्येक पत्राची स्वतंत्र पावती मागितली, तर पोस्टमनचा अर्धा दिवस पावत्या परत नेण्यातच जाईल. त्याऐवजी 'क्रमांक ५०० पर्यंतची सर्व पत्रे मिळाली' अशी एकच पावती पुरेशी ठरते. मात्र अशी पावती आठवड्याने मिळाली, तर मधले एखादे पत्र गहाळ झाल्याचे पाठविणाऱ्यास फार उशिरा कळेल.

संगणक जालातील पोचेचा प्रश्न नेमका हाच आहे. फार पोच दिल्यास मार्ग व्यापला जातो आणि फार कमी दिल्यास प्रेषक अंधारात राहतो. या दोहोंमधील योग्य प्रमाण कोणते, याचा विचार पुढे केला आहे. हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावी एका जोडणीवर तीस संगणक चालविणारी प्रयोगशाळा किंवा मोबाइलवरून परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी यांच्या वाट्याला येणारा वेग काही अंशी या प्रमाणावरच अवलंबून असतो.

२. पोचेची तीन कामे

जालावरील बहुतांश माहितीचे वहन दीर्घकाळ टीसीपी या प्रोटोकॉलद्वारे होत आले आहे. त्याची मूळ व्याख्या सप्टेंबर १९८१ मध्ये 'आरएफसी ७९३' या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'आरएफसी ९२९३' ने तिची जागा घेतली. टीसीपीमध्ये माहितीच्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. प्राप्तकर्ता 'यापुढे मला अमुक क्रमांकाचा बाइट हवा आहे' असे कळवितो. याचा अर्थ त्याआधीचे सर्व बाइट मिळाले, असा होतो. ही पोच संचयी असल्यामुळे मधली एखादी पोच हरवली तरी पुढची पोच तिची उणीव भरून काढते.

पोच तीन कामे करते. पहिले काम विश्वासार्हतेचे आहे. पोच न आल्यास प्रेषक ती माहिती पुन्हा पाठवितो. दुसरे काम हानीची त्वरित सूचना देण्याचे आहे. मधले पॅकेट गहाळ होऊन पुढची पॅकेटे आली, तर प्राप्तकर्ता त्याच जुन्या क्रमांकाची पोच पुन्हा पुन्हा देतो. अशा तीन पुनरुक्त पोच मिळताच प्रेषक मुदत संपण्याची वाट न पाहता गहाळ पॅकेट पुन्हा पाठवितो.

तिसरे काम तालाचे आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार यांच्यामधील वहनवेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर घसरला. दोन्ही ठिकाणांमधील अंतर जेमतेम ४०० यार्ड होते. या घटनेचा अभ्यास करून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये कोंडी-नियंत्रणाची पद्धती मांडली. तिच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. जुने पॅकेट जालाबाहेर पडल्याची खूण मिळाल्याशिवाय नवे पॅकेट जालात सोडू नये. ही खूण म्हणजेच पोच होय. मार्गातील सर्वांत अरुंद टप्प्यावरून पॅकेटे ज्या अंतराने बाहेर पडतात, त्याच अंतराने पोच परत येतात आणि त्याच अंतराने नवी पॅकेटे निघतात. यालाच 'पोच-घड्याळ' म्हणता येईल.

३. 'दोनामागे एक' हा संकेत कसा आला?

प्रत्येक पॅकेटाची तत्काळ पोच देण्यातील अपव्यय आरंभीच लक्षात आला होता. डेव्हिड क्लार्क यांनी जुलै १९८२ मधील 'आरएफसी ८१३' मध्ये पोच थोडी रोखून धरण्याची सूचना केली. ऑक्टोबर १९८९ मधील 'आरएफसी ११२२' ने तिला नियमाचे रूप दिले. त्यानुसार प्राप्तकर्त्याने पोच विलंबाने द्यावी, मात्र हा विलंब अर्ध्या सेकंदापेक्षा कमी असावा. तसेच पूर्ण आकाराची पॅकेटे सलग येत असल्यास निदान दर दुसऱ्या पॅकेटामागे एक पोच द्यावी. सप्टेंबर २००९ मधील 'आरएफसी ५६८१' ने यास पुष्टी दिली आणि क्रम चुकलेले पॅकेट येताच विलंब न करता पोच द्यावी, असेही स्पष्ट केले.

'दोन' ही संख्या त्या काळातील वेगांना साजेशी होती. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ हजार बिट अशी ब्रॉडबँडची व्याख्या केली होती. त्या वेगाची जोडणी आणि १५०० बाइटांचे पॅकेट धरल्यास सेकंदाला सुमारे २१ पॅकेटे येतात. माहिती जाऊन पोच परत येण्यास लागणारा वेळ, म्हणजे फेरीकाल, १०० मिलिसेकंद धरला तर एका फेरीत सुमारे दोनच पॅकेटे येतात. म्हणजे 'दोन पॅकेटांमागे एक' आणि 'एका फेरीत एक' हे नियम तेथे एकच होते.

आता सेकंदाला १० कोटी बिट, म्हणजे १०० मेगाबिट वेगाची जोडणी आणि ४० मिलिसेकंदांचा फेरीकाल घेऊ. सेकंदाला ८,३०० हून अधिक पॅकेटे येतात, म्हणजे एका फेरीत सुमारे ३३३. जुन्या संकेतानुसार एका फेरीत सुमारे १६७ आणि सेकंदाला ४,१०० हून अधिक पोच-संदेश निघतील. प्रेषकास एका फेरीत १६७ वेळा खबर मिळाल्याने त्याचे ज्ञान १६७ पटींनी वाढत नाही. नियम तोच राहिला, पण त्याचा अर्थ बदलला.

४. भार कोणावर पडतो?

माहितीचे पॅकेट १५०० बाइटांचे आणि पोच ४० बाइटांची. दोनामागे एक या हिशेबाने पोचेचा वाटा जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास दिसतो. परंतु अनेक माध्यमांत खर्च बाइटांचा नसून पॅकेटांचा असतो, आणि येथेच वरवरचा हिशेब फसतो.

४.१ विषम मार्ग : बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांना ब्रॉडबँडची ओळख बहुधा याच एडीएसएल तंत्राने झाली. या तंत्रात उतरता मार्ग रुंद आणि चढता मार्ग अरुंद असतो. शिवाय माहिती ५३ बाइटांच्या खणांत भरून जाते. वेष्टनाचे बाइट मिळविल्यावर ४० बाइटांच्या पोचेस दोन खण, म्हणजे १०६ बाइट लागतात, तर पूर्ण पॅकेटास ३२ खण लागतात. उतरता वेग ८ मेगाबिट धरल्यास सेकंदाला सुमारे ५९० पॅकेटे येतात. प्रत्येकाची पोच दिल्यास चढत्या मार्गावर सुमारे ५०० किलोबिट, दोनामागे एक दिल्यास २५० किलोबिट आणि दहामागे एक दिल्यास ५० किलोबिट खर्च होतात. चढता वेग ५१२ किलोबिट असेल, तर दोनामागे एक या संकेतानेही त्याचा जवळजवळ निम्मा भाग पोचेनेच व्यापला जातो. त्याच वेळी कोणी छायाचित्र किंवा अर्ज चढवू लागल्यास पोच रांगेत अडकते आणि उतरता वेगही मंदावतो. उतरता मार्ग मोकळा असूनही तो रिकामा राहतो.

बालकृष्णन, पद्मनाभन आणि कॅट्झ यांनी १९९७ मध्ये या विषमतेचे विश्लेषण केले. पुढे डिसेंबर २००२ मधील 'आरएफसी ३४४९' मध्ये त्यावरील उपायांचा संग्रह झाला. भारतनेट योजनेतील फायबरमुळे ही विषमता बरीच सौम्य झाली आहे. परंतु मोबाइल जोडणीत ती अजून जाणवते, कारण फोर-जी फोनला काही पाठविण्यापूर्वी मनोऱ्याकडून वेळेची परवानगी घ्यावी लागते.

४.२ सामायिक वाय-फाय : वाय-फायमध्ये चढता आणि उतरता असे वेगळे मार्ग नसतात. एकाच हवेत सर्वांनी आळीपाळीने बोलावयाचे असते. प्रत्येक पॅकेटापूर्वी थांबणे, यादृच्छिक काळ वाट पाहणे, आरंभखूण देणे आणि वाय-फायची स्वतःची स्थानिक पोच घेणे हा खर्च पॅकेट लहान असो वा मोठे, सारखाच असतो. ही स्थानिक पोच टीसीपीच्या पोचेहून भिन्न आहे. ती फक्त हवेतील एका टप्प्यापुरती असते, तर टीसीपीची पोच टोकापासून टोकापर्यंत जाते.

५४ मेगाबिटच्या ८०२.११जी मानकासाठी, टकरी होत नाहीत असे मानून हिशेब केल्यास १५०० बाइटांच्या पॅकेटास सुमारे ३८२ मायक्रोसेकंद लागतात. ४० बाइटांच्या पोचेस सुमारे १६६ मायक्रोसेकंद लागतात. आकाराने ३७ पट लहान असलेली पोच वेळेच्या दृष्टीने मात्र निम्म्याच्या जवळ जाते. त्यावरून पुढील तक्ता मिळतो.

तक्ता क्र. १ : पोचेचे प्रमाण व वाय-फाय (गणिताने काढलेली अंदाजी मूल्ये)

| पोचेचे प्रमाण | पोचेने व्यापलेला वेळ | उपयुक्त वेग (मेगाबिट प्रति सेकंद) |
|---|---|---|
| प्रत्येक पॅकेटामागे एक | ३० टक्के | २१.३ |
| दोनामागे एक | १८ टक्के | २५.१ |
| चारामागे एक | १० टक्के | २७.६ |
| दहामागे एक | ४ टक्के | २९.३ |

२००९ मधील ८०२.११एन आणि त्यानंतरच्या मानकांत अनेक पॅकेटे एकत्र बांधून पाठविण्याची सोय असल्याने हा तोटा कमी होतो. तथापि हवा सामायिक असणे हा मूळ गुणधर्म कायम राहतो. तीस संगणकांच्या प्रयोगशाळेत अनावश्यक पोच ही शेजाऱ्याची पाळी खाते.

५. पोच कमी करण्याचे धोके

वरील हिशेबावरून पोच सरसकट कमी करावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यातील धोके पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला धोका आरंभीच्या मंदपणाचा आहे. जोडणीच्या सुरुवातीस प्रेषक प्रत्येक पोचेमागे आपली विंडो एका पॅकेटाने वाढवितो. प्रत्येक पॅकेटाची पोच आल्यास विंडो प्रत्येक फेरीत दुप्पट होते, तर दोनामागे एक आल्यास ती दीडपटच वाढते. १० पॅकेटांपासून ६४० पॅकेटांपर्यंत जाण्यास पहिल्या रीतीने ६ फेऱ्या लागतात, दुसऱ्या रीतीने ११. फेरीकाल २० मिलिसेकंद असेल तर हा फरक ०.१ सेकंदाचा, म्हणजे नगण्य आहे. परंतु फायबर नेणे अवघड असलेल्या दुर्गम गावांसाठी भूस्थिर उपग्रहाचा आधार घेतला जातो, आणि तेथे चित्र वेगळे असते. उपग्रह ३५,७८६ कि.मी. उंचीवर असल्याने फेरीकाल ६०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो आणि हाच फरक ३ सेकंदांचा होतो. फेब्रुवारी २००३ मधील 'आरएफसी ३४६५' ने यावर उपाय सुचविला. पोच किती आल्या हे न मोजता त्यांनी किती बाइटांची खात्री दिली, हे मोजावे. याच उपायाने आणखी एक छिद्र बुजते. एका पॅकेटाची पोच अनेक तुकड्यांत देऊन प्रेषकास फसवून वेग वाढविता येतो, हे सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले होते. बाइट मोजल्यास अशा फसवणुकीचा लाभ उरत नाही.

दुसरा धोका झुंडीचा आहे. एका पोचेने वीस पॅकेटांची खात्री दिली, तर केवळ पोच-घड्याळावर चालणारा प्रेषक वीस पॅकेटे एकदम सोडतो आणि वाटेतील लहान बफर भरून सांडतो. प्रेषकाने पॅकेटे ठरावीक अंतराने सोडण्याची शिस्त पाळल्यास हा धोका बराच टळतो. अर्थात विरळ पोच आणि अंतराने प्रेषण ही जोडीनेच स्वीकारावयाची पथ्ये आहेत.

तिसरा धोका अडून राहण्याचा आहे. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मधील 'आरएफसी ८९६' मध्ये एक नियम मांडला. आधीच्या माहितीची पोच येईपर्यंत नवे लहान पॅकेट पाठवू नये, असा तो नियम होय. प्रेषक नेगल यांच्या नियमाने पोचेची वाट पाहतो आणि प्राप्तकर्ता दुसऱ्या पॅकेटाची वाट पाहत पोच रोखून धरतो. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणत दोघेही दारात उभे राहावेत, तशी ही अवस्था होते. विलंबाची मुदत संपल्यावरच ती सुटते. लिनक्समध्ये ही मुदत किमान ४० मिलिसेकंद असते आणि काही प्रणालींत २०० मिलिसेकंद असते. एखाद्या आज्ञावलीने अशा शंभर लहान नोंदी एकामागून एक पाठविल्या आणि प्रत्येक वेळी ४० मिलिसेकंद वाया गेले, तर चार सेकंद निव्वळ प्रतीक्षेत जातात. अशा वेळी दोष जोडणीच्या वेगास दिला जातो, पण तो प्रत्यक्षात दोन चांगल्या नियमांच्या वाईट संयोगाचा असतो.

६. फेरीमागे पोच

वरील लाभ-हानींचा मेळ घातल्यास प्रश्नाचे स्वरूपच बदलते. 'किती पॅकेटांमागे एक पोच?' असे विचारण्याऐवजी 'एका फेरीत प्रेषकास किती वेळा खबर हवी?' असे विचारणे अधिक योग्य ठरते. प्रेषकाचे निर्णय फेरीच्या गतीने होतात. त्यामुळे प्रत्येक फेरीत थोड्याच, परंतु नियमित पोच त्यास पुरतात. २०२० मध्ये टोंग ली आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'टॅक' या पद्धतीत हेच तत्त्व आहे. गुगलच्या क्विकच्या आरंभीच्या अंमलबजावणीतही सुरुवातीच्या शंभर पॅकेटांनंतर दहा पॅकेटे किंवा पाव फेरीकाल, यांपैकी जे आधी घडेल त्यावेळी पोच देण्याचा प्रयोग होता. मागील १०० मेगाबिटच्या उदाहरणात फेरीत चार पोच दिल्यास सेकंदाला ४,१०० ऐवजी केवळ १०० पोच-संदेश लागतील.

मे २०२१ मध्ये 'आरएफसी ९०००' द्वारे मानक झालेल्या क्विक प्रोटोकॉलने या चर्चेस आणखी एक कारण दिले. टीसीपीची पोच वाटेतील यंत्रांना वाचता येते. म्हणूनच लिनक्समध्ये २०१८ पासून असलेल्या 'केक' या रांग-व्यवस्थापकात जुन्या, निरुपयोगी झालेल्या पोच गाळण्याची सोय आहे. क्विकमध्ये मात्र पोच सांकेतिक रूपात बंद असते. वाटेतील कोणासही ती वाचता अथवा गाळता येत नाही. परिणामी पोच विरळ करण्याची जबाबदारी पूर्णतः दोन टोकांवर येते. क्विकच्या मूळ मानकातही दोन पॅकेटांमागे पोच द्यावी अशीच शिफारस असून विलंबाची मर्यादा सामान्यतः २५ मिलिसेकंद आहे. प्रेषकाने प्राप्तकर्त्यास 'इतक्या पॅकेटांनी किंवा इतक्या काळाने पोच दे' असे सांगता यावे, यासाठी इंटरनेट मानक-मंडळाच्या क्विक कार्यगटात एक विस्तारही मांडण्यात आला आहे. प्रेषकास स्वतःची गरज ठाऊक असते आणि प्राप्तकर्त्यास परतमार्गाची अवस्था ठाऊक असते. म्हणून हा निर्णय दोघांच्या संमतीने होणे इष्ट आहे.

तथापि काही प्रसंगी पोच रोखू नये. जोडणीच्या आरंभी, क्रम चुकलेले पॅकेट आल्यास, वाटेत कोंडी झाल्याची खूण पॅकेटावर आढळल्यास आणि प्रेषकाने तत्काळ पोच मागितल्यास ती विनाविलंब द्यावी. सुरळीत वहन चालू असताना मौन पाळावे आणि काही बिघडताच त्वरित बोलावे, असा या नियमाचा आशय सांगता येईल.

७. प्रयोगशाळेसाठी सूचना

हा विषय विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पडताळून पाहता येतो. वायरशार्क ही मोफत आज्ञावली सुरू करून एखादी मोठी फाइल उतरवावी. आलेली माहितीची पॅकेटे आणि गेलेली रिकामी पोच-पॅकेटे मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. तारेची आणि वाय-फायची जोडणी यांची तुलना करावी. संगणकाचे जाल-कार्ड किंवा कार्यप्रणाली अनेक पॅकेटे एकत्र करून वर पाठवीत असल्यास गुणोत्तर दोनाहून बरेच मोठे दिसेल. ही मोजणीतील चूक नसून पोच विरळ होण्याचेच एक नैसर्गिक रूप आहे. त्यानंतर फाइल उतरवीत असतानाच दुसरी फाइल चढवावी आणि उतरता वेग किती घटतो, याची नोंद घ्यावी. अरुंद परतमार्गाचा परिणाम यातून डोळ्यांसमोर येईल.

८. समारोप

पोच किती वेळा द्यावी, या प्रश्नास एकच कायमची संख्या हे उत्तर असू शकत नाही. मंद जोडण्यांच्या काळात 'दोनामागे एक' हा नियम योग्य होता, कारण तो जवळजवळ 'फेरीमागे एक' असाच होता. वेग शेकडो पटींनी वाढल्यावर त्याच अंकास चिकटून राहणे म्हणजे नियमाचा शब्द पाळून त्याचा हेतू विसरणे होय. प्रत्येक फेरीत मोजक्या पोच, बिघाड होताच तत्काळ पोच आणि प्रेषकाने अंतराने पॅकेटे सोडण्याची शिस्त, या तीन गोष्टी एकत्र आल्यास परतमार्गावरील भार कमी होतो आणि वहनाची विश्वासार्हताही टिकते.

या बदलाचा लाभ सर्वांना सारखा मिळणार नाही. महानगरातील रुंद फायबरधारकास तो कदाचित जाणवणारही नाही. ज्यांचा चढता मार्ग अरुंद आहे, ज्यांची हवा अनेकांत वाटलेली आहे आणि ज्यांची फेरी उपग्रहावरून जाते, त्यांच्यासाठी मात्र तो महत्त्वाचा आहे. प्रोटोकॉलमधील असे अंक दूरवरच्या समित्यांत ठरतात आणि त्यांचा भार अरुंद मार्गावरील वापरकर्ता उचलतो. म्हणून हे अंक समजून घेणे, मोजणे आणि त्यांविषयी प्रश्न विचारणे हे ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र विभागांचेही कार्य आहे.